घरच्या राउटरची फायरवॉल: लेव्हल 'हाय' ठेवायची की नाही?

निळी_केबल

नमस्कार मंडळी. कोथरूडमधल्या फ्लॅटचा सेटअप देते. केबलवाल्यांचं फायबर, त्यांचंच ओएनटी (फायबर जिथे येऊन लागतं ती पेटी), आणि ओएनटीच्या पहिल्या लॅन पोर्टमधून विकत घेतलेला राउटर. राउटरवर फोन, दोन लॅपटॉप (एक हिंजवडीच्या ऑफिसचा, व्हीपीएनवर म्हणजे ऑफिसच्या नेटवर्कशी बंद बोगद्यातून जोडून चालणारा), स्मार्ट टीव्ही, प्रिंटर आणि चार कॅमेऱ्यांचा डीव्हीआर (चित्रण साठवणारी पेटी).

ओएनटीच्या सिक्युरिटी पानावर फायरवॉल लेव्हलला लो, मीडियम, हाय, कस्टम असे पर्याय आहेत. सध्या लो आहे. राउटरवर एसपीआय फायरवॉल चालू, डॉस प्रोटेक्शन (पॅकेटांचा मारा करून नेट तुंबवणाऱ्या हल्ल्यापासून संरक्षण) बंद. डीव्हीआर बसवणाऱ्यांनी राउटरमध्ये ८०, ५५४ आणि ८००० हे पोर्ट फॉरवर्ड केलेले आहेत, म्हणजे बाहेरून त्या वाटांनी आलेलं थेट डीव्हीआरकडे जातं.

माझं मत असं की ओएनटी सरळ हायवर टाकावं, डॉस प्रोटेक्शन चालू करावं आणि मोकळं व्हावं. पटत नसेल तर का नाही ते सांगा, आणि बदल केल्यावर नक्की काय बंद पडतं तेही लिहा.

वारजेकर

हाय नको, ताई.

बाहेरून न मागता आलेलं पॅकेट लोवरही आत येत नाही. एसपीआय फायरवॉल म्हणजे बाहेर गेलेल्याची वहीत नोंद असेल तरच परत आत सोडणारा वॉचमन. लॅपटॉपने आधी मागणी केलेली असेल तर उत्तर आत येतं, नाहीतर गेटवरूनच परत. हायवर बऱ्याच ओएनटींमध्ये कात्री चालते ती आतून बाहेर जाणाऱ्यावर: वेब, डीएनएस, मेल अशी ठरावीक पोर्ट सोडून बाकी सगळं बंद.

मग पहिलं पडतं ऑफिसचं व्हीपीएन. आयपीसेक असेल तर यूडीपी ५०० आणि ४५०० लागतात, वायरगार्ड असेल तर बहुतेक यूडीपी ५१८२०. त्यापाठोपाठ वाय-फाय कॉलिंग, कारण तेही आतून आयपीसेकच आहे, तेच ५०० आणि ४५००. पेठांमधल्या जुन्या वाड्यांत जाड भिंतींमुळे मोबाइलची रेंज नसते, तिथे सगळी भिस्त वाय-फाय कॉलिंगवर. फायरवॉलची लेव्हल बदलली आणि घरात फोन लागेना, यांचा संबंध पटकन कुणाच्या लक्षात येत नाही. लोक सिम कंपनीला तक्रार करत बसतात.

हिंजवडी_फेज_तीन

+१. हायवर टाकायचंच असेल तर सोमवारी सकाळी टाकू नका, एवढंच.

पॅकेट_पाटील

डॉस प्रोटेक्शनबद्दल लिहितो, कारण नाव भारदस्त असल्यामुळे ते सगळे चालू करतात.

त्या पानावर तीन आकडे असतात: आयसीएमपी फ्लड, यूडीपी फ्लड आणि टीसीपी सिन फ्लड, प्रत्येकाला सेकंदाला किती पॅकेट चालतील ती मर्यादा. टीपी-लिंकच्या जुन्या बऱ्याच मॉडेलांत हे आकडे ५०, ५०० आणि ५० असे भरलेले येतात. आता हिशोब करा. एचडी व्हिडिओ कॉल साधारण अडीच एमबीपीएस घेतो. पॅकेट १,२०० बाइटचं धरलं तर सेकंदाला सुमारे २६० पॅकेट, आणि आवाजाची आणखी ५०. घरात एकाच वेळी दोन कॉल चालू असले की ५०० ओलांडली. यूट्यूब क्रोममध्ये क्विकवरून चालतं, म्हणजे यूडीपी ४४३. व्हिडिओचा पुढचा तुकडा २० एमबीपीएसने आला तर सेकंदाला दोन हजारांच्या घरात पॅकेट. राउटरला हा हल्ला वाटतो, तो पॅकेट टाकून देतो, काही मॉडेल तर त्या आयपीलाच काही वेळ बंदी घालतात. घरातल्यांना दिसतं काय? दर थोड्या वेळाने कॉल गोठतो, मग आपोआप सुटतो. केबलवाल्याचा माणूस येऊन स्पीड टेस्ट करतो, ती नीट येते, तो निघून जातो.

खरा डॉस हल्ला झालाच, तर तो तुमची लाइनच भरून टाकतो. १०० एमबीपीएसची लाइन पलीकडूनच तुंबली असेल तर अलीकडच्या राउटरने पॅकेट टाकून काहीच मोकळं होत नाही. ते अडवायचं काम ऑपरेटरच्या टोकाला होतं. म्हणून बंद आहे तेच बरोबर आहे.

निळी_केबल

@पॅकेट_पाटील, हिशोब पटला. मग 'ब्लॉक वॅन पिंग' (बाहेरून आलेल्या 'आहेस का' या हाकेला उत्तर न देणं) पण निरर्थक का?

पॅकेट_पाटील

चालू ठेवलंत तर नुकसान नाही, फायदा नगण्य. स्कॅन करणारे पिंगच्या उत्तराची वाट बघत नाहीत, थेट पोर्ट ठोठावतात. उलट ऑपरेटरला लाइन तपासायची असते तेव्हा पिंग चालू असलेलं सोयीचं पडतं.

तपकीर_गल्ली

सगळे लेव्हलवर बोलताय. या घरातला खरा प्रश्न ८०, ५५४ आणि ८००० आहे.

८० म्हणजे डीव्हीआरचं वेब पान, ५५४ आरटीएसपी म्हणजे थेट चित्र, ८००० हिकव्हिजन या कॅमेरा कंपनीचं ॲपसाठीचं पोर्ट. दाहुआ कंपनीचा असता तर ३७७७७ दिसलं असतं. आयपी पत्ता सार्वजनिक असेल तर ही तीन पोर्ट जगातला कुणीही ठोठावू शकतो, आणि फायरवॉल मध्ये पडत नाही, कारण तुम्हीच तिला 'सोड' म्हणून सांगितलेलं आहे. लेव्हल हाय असली तरी बऱ्याच उपकरणांत पोर्ट फॉरवर्ड लेव्हलच्या वरचढ ठरतं.

पासवर्ड अवघड ठेवला की झालं, असं धरून चालू नका. २०१७ साली हिकव्हिजनच्या अनेक कॅमेऱ्यांत असा दोष उघड झाला होता की लॉगिन न करता चित्र आणि वापरकर्त्यांची यादी काढता येत होती. २०२१ साली त्यांच्याच वेब सर्व्हरमधला दुसरा दोष निघाला, नोंद क्रमांक सीव्हीई-२०२१-३६२६०. त्यात नुसतं वेब पोर्ट उघडं सापडलं की पुरे, पासवर्डचा संबंधच नाही. दोन्हींसाठी नवीन फर्मवेअर आलं. पण एकदा भिंतीवर चढलेल्या डीव्हीआरचं फर्मवेअर बदलायला पुन्हा कोण येतं?

तिन्ही नियम काढा. डीव्हीआरच्या स्वतःच्या नेटवर्क मेनूत यूपीएनपी नावाचा टॅब असतो, तोही बंद करा. नाहीतर राउटरमधून तुम्ही काढलेलं पोर्ट डीव्हीआर स्वतःच परत उघडून घेतो.

पुणे_३०

पोर्ट काढली तर बाहेरून कॅमेरे कसे बघायचे? गावी गेलेल्या माणसाला घर बघायचं असतं, त्यासाठीच तर चार कॅमेरे लावले.

तपकीर_गल्ली

दोन मार्ग. पहिला, कंपनीच्या ॲपमधलं पी२पी किंवा क्लाउड. त्यात डीव्हीआर आतून बाहेर जोडणी करतो, त्यामुळे पोर्ट उघडावं लागत नाही. डीव्हीआरवरचा क्यूआर स्कॅन करा, व्हेरिफिकेशन कोड बदला, झालं.

दुसरा, राउटरवर व्हीपीएन सर्व्हर. फोनवरून आधी घरच्या व्हीपीएनला जोडायचं, मग डीव्हीआर घरात असल्यासारखा दिसतो. वायरगार्ड असेल तर उत्तम: चावी बरोबर नसेल तर ते उत्तरच देत नाही, स्कॅन करणाऱ्याला ते पोर्ट आहे हेच कळत नाही.

मुठाकाठ

पी२पीचा सल्ला मला मान्य नाही. घराच्या आतलं चित्र कुठल्या देशातल्या कुठल्या सर्व्हरवरून जातंय हे ग्राहकाला कळत नाही. पोर्ट बंद करून ती जोखीम कंपनीच्या हाती दिली, एवढाच फरक. व्हीपीएनच हवं, आणि डीव्हीआरचं बाहेर जाणं पूर्ण बंद. राउटरच्या ॲक्सेस कंट्रोलमध्ये डीव्हीआरचा आयपी टाका, डेस्टिनेशन सगळं, ॲक्शन डिनाय. तारीख-वेळ बिघडू नये म्हणून तेवढं यूडीपी १२३ मोकळं ठेवा. चोरीचं फुटेज पोलिसांना द्यायचं आणि त्यावर वेळच चुकीची, असं नको.

तपकीर_गल्ली

तत्त्व बरोबर आहे. पण सत्तर वर्षांच्या आजींना आधी व्हीपीएन चालू करा, मग ॲप उघडा, असं सांगितलं तर महिन्याभरात कुणीतरी पोर्ट परत उघडून देणार. पी२पी, कोड बदललेला, फर्मवेअर नवं, आणि कॅमेरे फक्त दार, गॅलरी, पार्किंगवर. बेडरूम आणि हॉलमध्ये कॅमेराच नको. ही तडजोड टिकते.

मुठाकाठ

शेवटचा मुद्दा मान्य, पूर्णपणे.

खडकवासला_पंप

एक मिनिट. ही तिन्ही पोर्ट आत्ता बाहेरून लागतात तरी का? धागाकर्तीच्या सेटअपमध्ये ओएनटी पण राउटिंग करतंय आणि मागचा राउटर पण, म्हणजे दोनदा नॅट (आतले पत्ते बाहेरच्या एका पत्त्यामागे लपवणं). फॉरवर्डिंग फक्त मागच्या राउटरमध्ये असेल तर बाहेरचं पॅकेट ओएनटीवरच संपतं.

ताई, दोन पत्ते बघा. राउटरच्या स्टेटस पानावरचा वॅन आयपी (बाहेरच्या बाजूचा पत्ता), आणि ओएनटीच्या स्टेटस पानावरचा वॅन आयपी. शिवाय ओएनटीमध्ये डीएमझी (बाहेरून येणारं सगळं एकाच उपकरणाकडे पाठवणं) चालू आहे का तेही बघा.

निळी_केबल

राउटरचा वॅन १९२.१६८.१.२. ओएनटीचा वॅन १००.७२ ने सुरू होतो. ओएनटीमध्ये डीएमझी चालू आहे, होस्ट १९२.१६८.१.२.

खडकवासला_पंप

म्हणजे चित्र स्पष्ट झालं. डीएमझी होस्ट म्हणजे ओएनटीवर येणारं प्रत्येक पोर्ट तुमच्या राउटरकडे. बसवणाऱ्यांनी दोनदा नॅटचा अडथळा तसा काढलेला आहे.

१००.७२ मात्र सार्वजनिक पत्ता नाही. १००.६४ पासून १००.१२७ पर्यंतचा पट्टा सीजीनॅटसाठी राखीव आहे, २०१२ साली तो वेगळा काढला गेला. ऑपरेटर अनेक ग्राहकांना एकाच सार्वजनिक पत्त्यामागे बसवतो. त्यामुळे इंटरनेटवरून तुमच्या ८००० पर्यंत आज कुणी पोचत नाही, आणि डीव्हीआरही त्या वाटेने बाहेरून दिसत नसणार.

पुणे_३०

मग प्रश्नच मिटला की. सीजीनॅट आहे म्हणजे सुरक्षित.

खडकवासला_पंप

नाही, तीन कारणांनी.

एक, नियम तसेच पडून राहतात. उद्या व्हीपीएनसाठी ऑपरेटरकडून स्टॅटिक आयपी घेतला किंवा कंपनी बदलली, तर त्या मिनिटाला डीएमझी आणि तिन्ही पोर्ट जिवंत होतात. आणि तेव्हा कुणालाही त्यांची आठवण नसते. स्टॅटिक आयपी घेण्याआधी फॉरवर्डिंग, डीएमझी आणि यूपीएनपीची यादी रिकामी आहे ना, हे बघायचंच.

दोन, सीजीनॅटच्या आतले शेजारी. ऑपरेटरने ग्राहकांना एकमेकांपासून वेगळं केलेलं नसेल तर त्याच ऑपरेटरचा दुसरा ग्राहक तुमच्या १००.७२ पत्त्याला थेट ठोठावू शकतो. त्याच्या घरचा एखादा व्हायरस लागलेला टीव्ही बॉक्स नेमकं हेच करतो.

तीन, आयपीव्ही६, म्हणजे इंटरनेट पत्त्यांची नवी पद्धत. त्यावर ओपनसोर्स_काका लिहितील, त्यांचा विषय आहे.

ओपनसोर्स_काका

लिहितो, आणि जरा सविस्तर, कारण घरोघरी हीच बाजू बघितली जात नाही.

आयपीव्ही६मध्ये नॅट नाही. घरातल्या प्रत्येक फोनला, टीव्हीला, डीव्हीआरला २ ने सुरू होणारा स्वतःचा जागतिक पत्ता मिळतो. आयपीव्ही४ला नॅट आपोआप जो आडोसा देतं तो इथे नाही, इथे सगळी जबाबदारी फायरवॉलच्या नियमांवर. सीजीनॅटही आयपीव्ही४पुरतंच.

तुमच्यासारख्या दोन पेट्यांच्या मांडणीत एक खास अडचण येते. ओएनटीला ऑपरेटरकडून /६४ एवढाच, म्हणजे एकाच नेटवर्कपुरता, पत्त्यांचा तुकडा मिळाला असेल तर मागच्या राउटरला वाटून द्यायला काही उरत नाही. मग लोक राउटरमध्ये आयपीव्ही६ 'पास-थ्रू' निवडतात, नेट चालू होतं, सगळे खूष. पण पास-थ्रूमध्ये बऱ्याच राउटरांत आयपीव्ही६ नुसतं पुढे ढकललं जातं, राउटरची फायरवॉल त्याला लागूच होत नाही. उरते फक्त ओएनटीची. आणि काही ओएनटींमध्ये आयपीव्ही६ फायरवॉलची खूण वेगळ्या पानावर असते, ती मूळची बंद असू शकते.

तपासायचं असं. घरच्या वाय-फायवरच्या लॅपटॉपचा २ ने सुरू होणारा पत्ता बघा. तात्पुरता आणि कायमचा असे दोन दिसतील, कोणताही चालेल. दुसरा लॅपटॉप मोबाइल डेटाच्या हॉटस्पॉटवर जोडा आणि तिथून एनमॅप या पोर्ट तपासायच्या सॉफ्टवेअरने त्या पत्त्याची तपासणी करा, आयपीव्ही६चा पर्याय लावून. सगळी पोर्ट 'फिल्टर्ड' आली तर फायरवॉल काम करते आहे. 'क्लोज्ड' आली तर पॅकेट लॅपटॉपपर्यंत पोचलेलं असण्याची शक्यता मोठी. 'ओपन' आलं तर थांबा आणि आधी ओएनटीचं पान उघडा. लॅपटॉपची स्वतःची फायरवॉलही 'फिल्टर्ड' दाखवू शकते, म्हणून हीच चाचणी प्रिंटरच्या पत्त्यावर, पोर्ट ९१०० ला, एकदा करा. प्रिंटरला सहसा स्वतःची फायरवॉल नसते, तो खरं उत्तर देतो.

मुठाकाठ

काका, आयपीव्ही६चं एवढं भय कशाला? एका /६४मध्ये दोनाचा चौसष्टावा घात इतके पत्ते. स्कॅन करून कुणाला सापडणार?

ओपनसोर्स_काका

आंधळं स्कॅन करून नाही सापडणार, बरोबर. पण पत्ता तुम्ही स्वतःच देता: ज्या सर्व्हरशी बोलाल त्याच्या नोंदीत तो उरतो. २०१६ साली शोडानने (इंटरनेटवरची उघडी उपकरणं शोधणारं सर्च इंजिन) वेळ देणाऱ्या एनटीपी पूलमध्ये स्वतःचे सर्व्हर घालून ठेवले होते. वेळ विचारायला आलेल्या उपकरणांचे आयपीव्ही६ पत्ते घ्यायचे आणि लगेच उलट त्यांचीच पोर्ट तपासायची. कॅमेरे आणि डीव्हीआर वेळ विचारतातच.

अजून एक. घाबरून आयसीएमपीव्ही६ (आयपीव्ही६चे आपसातले सूचना-संदेश) सरसकट बंद करू नका. टाइप १३३ ते १३६ हे शेजारी आणि राउटर शोधायचे संदेश, ते बंद तर आयपीव्ही६च बंद. आणि टाइप २, 'पॅकेट टू बिग', हा फार महत्त्वाचा. पीपीपीओईला (युजरनेम-पासवर्डने होणारी ऑपरेटरची जोडणी) ८ बाइट जातात, म्हणून १,५०० ऐवजी १,४९२ चंच पॅकेट मावतं. मोठं पॅकेट वाटेत अडलं की पाठवणाऱ्याला कळवायचं काम टाइप २ करतो. तो अडवला तर गंमत अशी होते: गुगल उघडतं, छोटी पानं उघडतात, आणि एखादी बँकेची साइट लॉगिननंतर पांढरी पडून नुसती फिरत राहते. दोष साइटला दिला जातो.

सिंहगड_रोड

गुरुवारी लाइट गेली की आमच्याकडे मुलांसाठी लावलेला 'रात्री दहानंतर बंद' हा नियम बिघडतो. फायरवॉलशी संबंध आहे का, का राउटर गेला?

पॅकेट_पाटील

राउटर ठणठणीत आहे. राउटरमध्ये घड्याळाची बॅटरी नसते. लाइट आली की त्याची वेळ फर्मवेअरच्या तारखेवर किंवा थेट १९७० वर जाते, आणि एनटीपीकडून यूडीपी १२३ वरून खरी वेळ मिळाली की सुधारते. ती मिळाली नाही, तर वेळेवर बांधलेला प्रत्येक नियम भलत्या वेळी लागतो. सिस्टिम टूल्समध्ये टाइम झोन जीएमटी अधिक साडेपाच आहे ना बघा आणि एनटीपी सर्व्हर एकाऐवजी दोन भरा. डीएनएस ओव्हर टीएलएस (साइटच्या नावावरून पत्ता विचारायचं काम कुलूपबंद करणं) लावलेलं असेल तर अजून एक पेच: वेळ चुकीची म्हणून प्रमाणपत्र नाकारलं जातं, डीएनएस चालत नाही, आणि डीएनएस नाही म्हणून एनटीपी सर्व्हरचं नाव सापडत नाही. यावर उपाय म्हणजे एक एनटीपी सर्व्हर नावाने न देता आयपी पत्त्याने द्यायचा.

लाइट जाण्याचा दुसरा परिणाम: सगळी उपकरणं एकदम परत येतात आणि आयपींची अदलाबदल होऊ शकते. डीव्हीआरचा १९२.१६८.०.१०५ उद्या टीव्हीला मिळाला तर डीव्हीआरसाठी लिहिलेला नियम टीव्हीला लागतो. ज्या उपकरणासाठी नियम लिहाल त्याचं ॲड्रेस रिझर्व्हेशन आधी करा, नियम मग.

तपकीर_गल्ली

आणि १२ व्होल्टचा छोटा यूपीएस घ्या. ओएनटी आणि राउटर दोन्ही त्यावर हवेत. ॲडॉप्टरवरचे व्होल्ट वाचून घ्या, ९ व्होल्टचा राउटर १२ वर लावू नका. जीपॉन पद्धतीच्या फायबरमध्ये वाटेतल्या स्प्लिटरला वीज लागत नाही, त्यामुळे बिल्डिंगची लाइट गेली तरी नेट चालतं. पार्किंगमध्ये ऑपरेटरचा स्विच असेल तर मात्र तुमचा यूपीएस एकटा काही करू शकत नाही.

सिंहगड_रोड

धन्यवाद दोघांनाही. टाइम झोन चुकीचाच होता.

नळस्टॉप_सिग्नल

टीव्ही आणि डीव्हीआर गेस्ट नेटवर्कवर टाका, हे कुणी कसं म्हणालं नाही? आतल्या आत पसरणारं फायरवॉलच्या वॅन बाजूला दिसतच नाही.

वारजेकर

डीव्हीआर केबलवर असतो आणि गेस्ट नेटवर्क बहुतेक राउटरांत वाय-फायपुरतंच असतं. टीव्ही गेस्टवर टाकला की फोनवरून कास्ट करणं बंद होतं, कारण टीव्ही शोधायला फोन यूडीपी ५३५३ वर मल्टिकास्ट हाक मारतो आणि ती गेस्टच्या भिंतीपलीकडे जात नाही. घरातले ओरडतात आणि टीव्ही परत मुख्य नेटवर्कवर येतो. स्मार्ट बल्ब, प्लग, पाहुण्यांचे फोन यांना गेस्ट उत्तम.

ओपनसोर्स_काका

ओपनडब्ल्यूआरटीवर (राउटरवर चढवायचं मुक्त फर्मवेअर) हे नीट सुटतं. 'आयओटी' नावाचा वेगळा झोन, त्याचं इनपुट रिजेक्ट, फॉरवर्ड रिजेक्ट, वॅनकडे जायला परवानगी, लॅनकडून आयओटीकडे परवानगी, उलट नाही. राउटरकडे येणारं फक्त डीएचसीपीचं ६७ आणि डीएनएसचं ५३ मोकळं, आणि कास्टसाठी अवाही रिफ्लेक्टर (ती मल्टिकास्ट हाक पलीकडे पोचवणारा) चालवायचा असेल तर ५३५३ही. केबलवरच्या डीव्हीआरसाठी एक लॅन पोर्ट वेगळ्या व्हीलॅनवर (त्याच पेटीतलं वेगळं केलेलं नेटवर्क) काढा. २२.०३ आवृत्तीपासून आत एनएफटेबल्स आहे, त्यामुळे जुन्या ब्लॉगांवरच्या आयपीटेबल्सच्या ओळी तशाच चिकटवू नका. राउटर घेताना किमान १६ एमबी फ्लॅश आणि १२८ एमबी रॅम बघा.

मुलांची_आई_बाणेर

मॅक फिल्टरिंग (यादीतल्या उपकरणांनाच वाय-फायवर घेणं) लावलं तर एवढं सगळं लागणार नाही ना?

वारजेकर

मॅक पत्ता हवेत उघडाच जातो, ऐकणारा तो आपल्या लॅपटॉपला लावू शकतो. शिवाय अँड्रॉइड १० आणि आयओएस १४ पासून फोन प्रत्येक वाय-फायसाठी वेगळा बनावट मॅक वापरतात, म्हणून फोन बदलला, किंवा काही फोनांवर नेटवर्क विसरून परत जोडलं, की घरचाच माणूस बाहेर. त्यापेक्षा डब्ल्यूपीएस (बटण किंवा पिनने वाय-फाय जोडायची सोय) बंद करा. त्याचा पिन आठ आकडी दिसतो, पण राउटर तो दोन तुकड्यांत तपासतो आणि शेवटचा आकडा चेकसमचा, त्यामुळे जास्तीत जास्त ११,००० प्रयत्नांत सापडतो. हे २०११च्या डिसेंबरमध्येच जाहीर झालेलं आहे. वाय-फायला डब्ल्यूपीए३, नाहीतर डब्ल्यूपीए२ एईएस, टीकेआयपी नको.

निळी_केबल

खूप माहिती मिळाली. आता मूळ प्रश्नावर येते. लेव्हल कोणती, आणि काय कोणत्या क्रमाने करू?

खडकवासला_पंप

तुमच्या मांडणीसाठी लिहितो. आधी दोन्ही पेट्यांच्या सेटिंगचा बॅकअप. मग लॅपटॉप केबलने जोडून:

ओएनटी: डीएमझी बंद. यूपीएनपी बंद. रिमोट ॲक्सेसमध्ये वॅनकडून एचटीटीपी, टेलनेट, एसएसएच तिन्ही बंद. लेव्हल मीडियम करून बघा, व्हीपीएन आणि वाय-फाय कॉलिंग चाललं तर ठेवा, नाही चाललं तर लो. लोमध्ये लाजण्यासारखं काही नाही. आयपीव्ही६ फायरवॉल चालू. ओएनटीचं वाय-फाय बंद, राउटरचं आहेच. ऑपरेटरचं टीआर-०६९ (दुरून पेटीची सेटिंग सांभाळायची यंत्रणा) तुम्हाला बंद करता येणार नाही, पण म्हणूनच ओएनटीला घराबाहेरचं समजून मागे स्वतःचा राउटर ठेवायचा. २०१६च्या नोव्हेंबरमध्ये जर्मनीत मिराई या उपकरणांना लागणाऱ्या व्हायरसच्या एका अवताराने ७५४७ पोर्टवरून डॉइच टेलिकॉमचे सुमारे नऊ लाख ग्राहक ऑफलाइन पाडले होते, ते याच यंत्रणेच्या पोर्टमधून.

राउटर: तिन्ही फॉरवर्ड नियम काढा. यूपीएनपी बंद, गेम कन्सोल तुमच्या यादीत नाही, तर कुणाचं अडणार नाही. रिमोट मॅनेजमेंट बंद. टीआर-०६९ किंवा सीडब्ल्यूएमपी असेल तर इथे बंद. एसआयपी एएलजी (इंटरनेट फोनच्या पॅकेटांत राउटरने करायचे बदल) बंद, आयपीसेक पास-थ्रू चालू. लॅन पत्ता १९२.१६८.५०.१ करा, म्हणजे ओएनटीच्या १९२.१६८.१ शी आणि ऑफिसच्या व्हीपीएनमधल्या पत्त्यांशी टक्कर होणार नाही. हे केल्यावर डीव्हीआरला स्थिर आयपी हाताने दिलेला असेल तर तोही बदलावा लागेल, नाहीतर तो गायब झाल्यासारखा वाटेल.

बाहेर जाणाऱ्यावर चारच नियम: टीसीपी २३, २३२३, २५ आणि ४४५ अडवा. मेलला ४६५ आणि ५८७ लागतात, त्यांना धक्का नाही. घरातलं एखादं उपकरण बिघडलंच तर ते दुसऱ्यांकडे या चार वाटांनी पसरायला बघतं. नियमाचा लॉग चालू ठेवा. वॅनकडून २३ वर सतत ठोके दिसतील, ते साऱ्या जगाला पडतात, दुर्लक्ष करा. लॅनमधल्या एकाच आयपीकडून दर सेकंदाला नवनव्या पत्त्यांच्या २३ वर प्रयत्न दिसले, तर ते उपकरण आधी केबलमधून काढा आणि मग विचार करा.

पॅकेट_पाटील

चाचणीची भर घालतो. सीजीनॅटमागे असताना बाहेरून सार्वजनिक आयपी स्कॅन केला तर तुम्ही ऑपरेटरची पेटी तपासताय, स्वतःची नाही. सगळं बंद दिसलं तरी त्याचा अर्थ शून्य. त्यापेक्षा लॅपटॉप ओएनटीच्या दुसऱ्या लॅन पोर्टमध्ये लावा आणि तिथून १९२.१६८.१.२ स्कॅन करा, पूर्ण ६५,५३५ पोर्ट. तो तुमच्या राउटरचा वॅन आहे, त्यामुळे बाहेरच्याला राउटर जसा दिसेल तसाच तुम्हाला दिसेल. आणि घरच्या वाय-फायवरून सार्वजनिक आयपी ब्राउझरमध्ये टाकल्यावर लॉगिन पान आलं तर लगेच धसका घेऊ नका. मागणी आतूनच आली म्हणून काही उपकरणं ते दाखवतात.

निळी_केबल

डीएमझी आणि तिन्ही नियम काढले, दोन्हीकडचं यूपीएनपी बंद, लेव्हल मीडियम. व्हीपीएन चालू आहे, वाय-फाय कॉलिंगही. ओएनटीच्या पोर्टवरून स्कॅन केलं, सगळी ६५,५३५ फिल्टर्ड. आयपीव्ही६ची खूण बंद होती, ती चालू केल्यावर प्रिंटरचं ९१०० ओपनवरून फिल्टर्ड झालं. बॅकअपच्या दोन फाइल सोसायटीच्या ग्रुपवर टाकू का? इतरांचाही हाच ओएनटी आहे.

खडकवासला_पंप

अजिबात नको. त्या फाइलमध्ये तुमचं पीपीपीओई युजरनेम, पासवर्ड आणि वाय-फायची चावी असते, काही मॉडेलांत अगदी साध्या मजकुरात. ग्रुपवर पानांचे स्क्रीनशॉट टाका, वॅन आयपी आणि सिरीयल नंबर झाकून. फाइल पेन ड्राइव्हवर ठेवा आणि त्यावर फर्मवेअरची आवृत्ती लिहा, कारण दुसऱ्या आवृत्तीवर ती चढेलच असं नाही.